माझेच दाणे, माझ्याच यकृतात

आधी एक सांगून टाकतो, मी पीत नाही. लग्नाआधी एकदा चांदूर रेल्वेला एका दोस्ताच्या वरातीत कोणीतरी सरबतात काहीतरी मिसळून दिलं होतं. ते मी पाच मिनिटांत नवरदेवाच्या मामाच्या पायांवर परत केलं. माझा दारूचा सगळा इतिहास एवढाच. हे सुरुवातीलाच लिहायचं कारण असं, की ज्याला कोणाला मी माझ्या आजाराचं नाव सांगतो तो आधी माझ्या डोळ्यांत पाहतो, मग माझ्या बायकोकडे दयेनं पाहतो, आणि मग 'होतं असं' म्हणून विषय बदलतो.

आजार स्वादुपिंडाचा. असा काही अवयव आपल्याकडे आहे हे मला पन्नाशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. माहीत झालं तोवर तो काढायची वेळ आली. आता तो नाही. त्याच्यातले बारीक दाणे मात्र आहेत, आणि ते माझ्या यकृतात आहेत. हे वाक्य मी आजवर पन्नासेक माणसांना सांगितलं असेल. दर वेळी मध्येच माझाच गोंधळ होतो. बरं झालो की सगळं समजेल, मग नीट लिहू, असं वाटलं होतं. बरा झालो, पण समजलं नाही. ज्यांच्या घरी हे दुखणं आलं आहे त्यांच्यासाठी जेवढं कळलं तेवढं लिहितो, आणि जिथं चुकलो तेही.

जनरेटरच्या मागे

मी अकोल्याचा. एमआयडीसीतल्या एका डाळ मिलमध्ये सत्तावीस वर्षं काम करतो, तिथं सगळे मला मिस्त्री म्हणतात. पोट दहा-बारा वर्षांपासून दुखायचं. जेवलं की तासाभरानं बेंबीच्या वर कोणीतरी पाना लावून नट आवळतंय असं वाटायचं, आणि तो नट पार पाठीतून बाहेर निघायचा. लोक म्हणायचे गॅस. मीही म्हणायचो गॅस. ओवा झाला, हिंग झाला, सोडा झाला. एकानं सांगितलं म्हणून उपाशीपोटी दुधीचा रस प्यायलो, तर दुखणं तसंच राहिलं आणि दुधीवरचं मन मात्र कायमचं उडालं.

मग अमरावतीला साळ्याच्या मुलीचं साक्षगंध होतं, साखरपुडा म्हणतात तेच. साळा म्हणजे संजय, वंदनाचा, माझ्या बायकोचा, भाऊ, तहसील कचेरीत कारकून. जेवणात पुऱ्या, वांग्याची भाजी, जिलबी. मी सोयऱ्यांच्या आग्रहाला बळी पडलो. खरं सांगायचं तर आग्रह एकदाच झाला होता. पाऊण तासानं दुखायला लागलं ते असं, की चारचौघांत ओरडायची वेळ आली. पाहुण्यांसमोर शोभा नको म्हणून हॉलच्या मागे गेलो आणि जनरेटरच्या आडोशाला पोट धरून उकिडवा बसलो. ती जागा नेमकी वरपक्षाच्या तिघांनी आपल्या खासगी कामासाठी निवडली होती. त्यांनी पेले थोडे सरकवून माझ्यासाठी जागा केली. संजय मला शोधत आला तेव्हा आम्ही चौघं ओळीनं बसलो होतो आणि ओकत एकटा मी होतो.

त्यानं आधी पेल्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ऑटोत घालून मला दवाखान्यात नेलं. डॉक्टरांचा पहिला प्रश्न, रोज किती घेता. मी म्हटलं घेत नाही. त्यांनी वंदनाकडे पाहिलं. तीही म्हणाली घेत नाहीत. त्यांनी संजयकडे पाहिलं. संजयनं छताकडे पाहिलं.

सोनोग्राफी करणारा माणूस पोटावर यंत्र फिरवता फिरवता एकाएकी थांबला आणि त्यानं दुसऱ्याला बोलावलं. दुसरा पडद्याला नाक लावून पाहायला लागला. मी आयुष्यात एवढा घाबरलो नव्हतो. मग सीटी स्कॅन. मग डॉक्टरांनी काचेवर फोटो लावला आणि पेनानं दाखवलं. स्वादुपिंडात खडे होते. एक-दोन नाही, ओंजळभर डाळीची चुरी सांडावी तसे. पित्ताशयात असतील, असं मी सुचवून पाहिलं, म्हणजे जरा ओळखीचं तरी झालं असतं. नाही म्हणाले. मग त्यांनी समजावलं, की हा अवयव जेवण पचवायचा रस तयार करतो, आणि वाट खड्यांनी बंद झाली की तो रस आतच अडकतो आणि त्या अवयवालाच पचवायला घेतो.

"म्हंजे मीच मले खाऊन राहिलो का?" मी विचारलं.

तसंच समजा, म्हणाले. दारू न पिणाऱ्यांनाही आपल्याकडे हे होतं, कारण नक्की सांगता येत नाही, असंही म्हणाले. वंदनानं त्यांना थांबवलं, बाहेर जाऊन संजयला हाताला धरून आत आणलं आणि डॉक्टरांना तेवढंच वाक्य परत म्हणायला लावलं. त्यांनी म्हटलं. संजयनं मान हलवली, मौतीला गेल्यावर हलवतात तशी.

त्या संध्याकाळी अकोल्याला परत येताना मूर्तिजापूरपर्यंत वंदना खिडकीबाहेर पाहत होती. मग हळूच जवळ सरकून तिनं माझ्या तोंडाचा वास घेतला. मी झोपेचं सोंग घेतलं. बावीस वर्षांच्या संसारात मला लागलेली ही सगळ्यात मोठी जखम, आणि तिच्यावर टाकेसुद्धा घालता येत नाहीत.

देणारा कोण

पुढची दोन वर्षं मी थोडक्यात आटोपतो, कारण ती सगळी एकसारखीच गेली. नळी घातली, नळी काढली, खडे फोडले, खडे राहिले. चोवीस किलो वजन गेलं. दुखण्याच्या इंजेक्शनाची अशी सवय लागली, की कंपाउंडर दिसला तरी बाही वर करायचो. मिलमध्ये शेठ मला खुर्ची द्यायला लागले. ज्याला खुर्ची दिली तो मिस्त्री संपला असं आमच्यात समजतात.

मग अमरावतीच्या डॉक्टरांनीच हैदराबादची चिठ्ठी दिली. अकोल्याहून रात्रीच्या गाडीत बसलं की सकाळी माणूस तिथं, म्हणून दूर वाटलं नाही. तिथले सर्जन हिंदीत बोलले, आणि कागदावर चित्र काढून बोलले. ते म्हणाले, दुखणं थांबवायचं तर स्वादुपिंड पूर्णच काढावं लागेल. पण इन्सुलिनही तिथंच तयार होतं. अवयव काढला की साखर अशी बेलगाम होईल, की ती सांभाळण्यातच जन्म जाईल. म्हणून ते काढलेल्या स्वादुपिंडातून इन्सुलिन करणारे दाणे तेवढे वेगळे करणार आणि नळीनं यकृतात सोडणार. दाणे तिथं रुजले तर साखर बरीचशी ताब्यात राहील. नाही रुजले तर दुखणं गेलं आणि मधुमेह आला, तोही साधा नाही.

या सगळ्यातला एकच शब्द आमच्या घरानं उचलला, ट्रान्सप्लांट.

वंदनानं तिथल्या तिथं जाहीर केलं, माझं घ्या. मुलगी पल्लवी अमरावतीला बीएस्सी करते, ती फोनवर रडली आणि माझं घ्या म्हणाली. बाकी नातेवाइकांचे फोन मात्र त्या दिवसापासून लागेनासे झाले. चुलतभावाचा फोन आठवडाभर रेंजबाहेर होता, आणि तो राहतो आमच्या गल्लीत. संजयचा चौथ्या दिवशी आला.

"जिजाजी," तो म्हणाला, "मी चेक करून घेतलं. मले शुगर निघाली."

मधुमेह निघाल्याचा एवढा आनंद मी कोणाच्या आवाजात ऐकला नव्हता. मी त्याचं सांत्वन केलं. मग त्याला सांगितलं, की देणारा मीच आहे आणि घेणाराही मीच. फॉर्मवर दोन्हीकडे माझंच नाव लिहिलं आहे.  तो म्हणाला, मंग मी ही तपासणी फुकट केली. ती फुकट नव्हती हे त्याला पुढे कळलं, कारण शुगर खरंच होती.

मिस्त्री आणि मिस्त्रीणबाई

खरा गोंधळ पुढे झाला. दाणे वेगळे करायचे म्हणजे कसे, हे मी सर्जनना विचारलं. ते म्हणाले, एन्झाइम घालून. एका जिवाणूपासून मिळणारं ते एक रसायन आहे. ते स्वादुपिंडाच्या नळीत भरतात, मग आजूबाजूचं सगळं मांस विरघळायला लागतं आणि दाणे मोकळे होतात.

दोन वर्षं मला सांगत होते, की माझं पोट मला पचवतंय आणि तेच माझं दुखणं आहे. आता म्हणत होते, आम्ही बाहेर काढून ते आणखी पचवतो, आणि तोच इलाज आहे. मी वंदनाकडे पाहिलं. ती सर्जनच्या मागच्या कॅलेंडरकडे पाहत होती. तिचा गोंधळ झाला की ती तारखा वाचते.

पण लॉजवर परत आल्यावर मला एक गोष्ट उमगली, आणि ती उमगली मिलमुळे. तुरीची डाळ करायची तर तुरीला नुसतं रोलरमध्ये टाकून चालत नाही. टरफल दाण्याला चिकटून असतं. आधी तिला तेल-पाणी लावतात, ढीग घालून मुरू देतात, मग उन्हात टाकतात, म्हणजे टरफल दाण्यापासून सुटतं. कमी मुरली तर टरफल निघत नाही. जास्त मुरली तर टरफलाबरोबर दाणाही फुटतो आणि डाळीची चुरी होते. कधी थांबायचं हे कोणतंही यंत्र सांगत नाही. मूठभर तूर घ्यायची, दोन तळव्यांत चोळायची, फुंकर मारायची आणि पाहायचं. अख्ख्या मिलमध्ये ते एक माणूस ठरवतो. आमच्या मिलमध्ये तो मी.

म्हणजे इथंही तो कोणीतरी असणारच.

दुसऱ्या दिवशी मी सर्जनना म्हटलं, ऑपरेशन तुम्ही करा, तुमच्यावर विश्वास आहे, पण जो माणूस चोळून पाहणार आहे त्याला मला भेटायचं आहे. वंदनानं मला टेबलाखालून लाथ मारली. सर्जन मात्र हसले आणि त्यांनी फोन लावला.

आली ती तिशीतली एक बाई. प्रयोगशाळेचं काम तिच्याकडे, आणि नशीब असं, की नांदेडची निघाली. मराठी ऐकून वंदनानं पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला आणि तिच्या माहेराची, सासरची, मुलांची चौकशी पूर्ण केली. मग माझी पाळी आली. मी म्हटलं, कधी थांबायचं हे तुम्हाला कसं कळतं.

तिनं सांगितलं. एक स्टीलचं भांडं असतं, त्यात स्टीलच्या गोट्या असतात. स्वादुपिंड आणि ते रसायन त्यात घालून अंगाएवढ्या उबेत हलवत राहायचं. दर दोन मिनिटांनी थेंबभर काढायचं, रंग टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं. दाणे असतील ते लाल दिसतात. आधी ते मांसात अडकलेले दिसतात. मग कडा मोकळ्या होतात. मग सुटे दिसतात. अजून थांबलं तर कडा झिजतात, दाणे तुटायला लागतात.

"मंग कवा थांबता?" मी विचारलं.

"बहुतेक सुटले की. सगळे सुटायची वाट पाहत नाही मी, काका. सगळ्यांच्या मागं लागलं की सुटलेले मरतात."

मी तिला विचारलं, माझा माल कडक आहे का. ती म्हणाली, फोटोवरून कडक वाटतो, खडे फार आहेत, दाणे कमी निघतील, किती ते आता नाही सांगता येत. उगीच धीर दिला नाही. मला वाटतं त्याच क्षणी मी ऑपरेशनला तयार झालो. सह्या दुसऱ्या दिवशी झाल्या, पण ठरलं ते तिथं.

दोन मजल्यांवर नवरा

ऑपरेशनच्या दिवसाचं मला काही आठवत नाही, तेव्हा हे वंदनाचं ऐकून लिहितो. सकाळी सात वाजता मला आत नेलं. पल्लवी होती, संजयही आला होता. साक्षगंधानंतर प्रथमच तो माझ्यासाठी सुट्टी टाकून आला होता, आणि येताना घरून भाकरी, ठेचा, पाटोडी घेऊन आला. माणसं माफी अशीच मागतात आमच्याकडे, तोंडानं कमी आणि डब्यानं जास्त.

दुपारी एक वाजता बाहेर येऊन कोणीतरी सांगितलं, स्वादुपिंड काढलं, प्रयोगशाळेत गेलं. वंदनानं विचारलं, प्रयोगशाळा कुठं आहे. खालच्या मजल्यावर. तेव्हापासून तिची पंचाईत झाली. देवाचं नाव घ्यायचं तर कोणत्या मजल्याकडे तोंड करून घ्यायचं. नवऱ्याचं अंग वर होतं आणि नवऱ्याचा उरलेला जन्म खाली गोट्यांबरोबर हलत होता. शेवटी ती जिन्यात मधल्या पायरीवर जाऊन बसली. पल्लवीनं तिला उठवायला पाहिलं, तर म्हणाली, मले इथूनच बरं वाटून राहिलं.

संध्याकाळी दाणे वर आले आणि माझ्यात गेले.

नंतरच्या दिवसांत मी तारांनी आणि नळ्यांनी असा बांधलेला होतो, की कूस बदलायला दोन नर्सा लागत. दर तासाला बोटाला सुई. इन्सुलिनची धार चोवीस तास चालू. मी विचारलं, दाणे घातले तर मग इन्सुलिन कशाला. म्हणाले, दाण्यांना आराम. नवीन जागी रुजेपर्यंत त्यांना कामाला लावायचं नाही. मी म्हटलं, मलाही असा शेठ मिळायला हवा होता.

पाचव्या दिवशी नांदेडची बाई येऊन उभी राहिली. खुर्ची दिली तरी बसली नाही. म्हणाली, "काका, जेवढे वाटले होते त्याच्या निम्मेच निघाले. एक भाग दगडासारखा होता, तो उघडलाच नाही. मी थांबवलं."

मी तिला म्हटलं, बरोबर केलं. रोज तेच तर करतो आम्ही. पण ती गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिलो. निम्मे म्हणजे पुरेसे की नाही, हे विचारायचं सुचलं नव्हतं.

खिशातला साबुदाणा

आता माझी चूक. ज्यांच्यासाठी हे लिहितो आहे त्यांनी बाकीचं विसरलं तरी चालेल, पण हे वाचावं.

घरी येताना कागदावर इन्सुलिन होतं, आणि प्रत्येक जेवणाबरोबर मोठ्या कॅप्सूल. पल्लवीनं डबीवरचं वाचून दाखवलं. त्यात जेवण पचवायची एन्झाइम आहेत, म्हणाली. आता स्वादुपिंड नाही, म्हणून ती बाहेरून घ्यायची, जन्मभर.

एन्झाइम हे नाव ऐकलं आणि मी डबी तिच्या हातातून घेऊन बाजूला ठेवली. एन्झाइमनं काय होतं हे मला त्या बाईनं नीट समजावलं होतं. मांस विरघळतं, आणि जास्त झालं तर दाणेही. ते भांड्यात होते तोवर ठीक. आता धुऊन, निवडून, यकृतात नेऊन बसवले, आणि वरून परत एन्झाइम? मिलमध्ये हे पहिल्या दिवशी शिकवतात, तयार डाळीला परत पाणी लावत नाहीत. लावलं की ती कुजते. सत्तावीस वर्षांत मी कोणाला कामावरून काढायला लावलं असेल, तर ते याच कारणासाठी.

मी कोणाला विचारलं नाही. एवढी शिकलेली माणसं अशी चूक कशी करतील, हा प्रश्न मला पडला होता. त्याचं उत्तर मी असं काढलं, की कागद छापील आहे, सगळ्यांना एकच देत असतील, माझे दाणे निम्मे आहेत हे कागदाला काय माहीत. वंदना प्रत्येक जेवणाला कॅप्सूल हातावर ठेवायची. मी तोंडात टाकायचो, पाणी प्यायचो, आणि ती भाकर आणायला वळली की कॅप्सूल सदऱ्याच्या खिशात.

पाच आठवडे हे चाललं. जेवण जसंच्या तसं बाहेर जात होतं. दिवसातून सात-आठ वेळा. पोटात कळा यायच्या, त्या मी ऑपरेशनच्या आहेत असं समजायचो. वजन आणखी उतरलं. वंदना रोज चादरी धूत होती. पण एक गोष्ट माझ्या बाजूनं होती. साखर खाली येत होती. कधी सत्तर, कधी साठ. एकदा शेठना भेटायला गेलो, तर मिलच्या फाटकाशी हातपाय थरथरून मी खाली बसलो, शेठनं गुळाचा खडा तोंडात घातला. मला आतून आनंद झाला होता. मला वाटलं, दाणे निम्मे असले तरी काय जोरानं काम करून राहिले.

मग एका सकाळी वंदना भिजवलेले कपडे धुवायला घेऊन बसली आणि सदऱ्याचा खिसा उलटा केला. कॅप्सूलची वरची पापडी पाण्यानं विरघळली होती आणि आतले बारीक गोळे साबुदाण्यासारखे तिच्या तळहातावर पसरले. ती तशीच ओल्या हातानं माझ्यासमोर आली.

"हे काय हाय?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, तयार डाळ आणि पाणी यासकट.

ती खाली बसली. 

"पाच हप्ते मी तुमचं हगणं-मुतणं काढून राहिले," ती म्हणाली, "अन् तुमी औषध खिशात घालून राहिले?"

"मले वाटलं, ते दाणे विरघळतीन."

"मंग विचारलं काहून नाई?"

 खरं उत्तर असं, की विचारलं असतं तर कोणीतरी सांगितलं असतं, की दाणे तसेही मेलेच आहेत. न विचारता मला ते जिवंत ठेवायचे होते.

तिनं हैदराबादला फोन लावला, थेट नांदेडच्या बाईला, आणि स्पीकरवर टाकला. बाईनं सगळं ऐकून घेतलं. हसली नाही, याबद्दल मी तिचा जन्माचा आभारी आहे. म्हणाली, प्रयोगशाळेतलं रसायन वेगळं, ते दाण्यांवरून धुऊन काढलेलं असतं. कॅप्सूलमधलं आतड्यात उघडतं, तिथल्या जेवणावर काम करतं आणि तिथंच संपतं, यकृतापर्यंत जात नाही. आणि साखर कमी येते ती दाण्यांमुळे नाही. जेवण अंगी लागत नाही आणि इन्सुलिन मात्र पूर्ण घेतलं जातंय, म्हणून.

म्हणजे ज्या गोष्टीवर मी आनंदी होतो ती उपासमार होती. मी विचारलं, मग दाणे आहेत की गेले.

"तपासल्याशिवाय नाही सांगता येणार, काका. एवढे दिवस साखर खालीवर झाली म्हणजे त्यांना त्रास झालाच असंल."

तीन दिवस

त्या दुपारपासून कॅप्सूल सुरू झाल्या. पहिल्या घासाबरोबर एक, मध्ये एक. दुसऱ्या दिवशी जुलाब थांबले, आणि दुसऱ्याच दिवशी साखर वर गेली. दोनशे वीस. मग दोनशे ऐंशी.

माझी खात्रीच झाली. इकडे कॅप्सूल सुरू केली आणि तिकडे दाणे विरघळायला लागले. मी वंदनाला मीटर दाखवलं. यावेळी ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे वळली, आणि मला कळलं की तीही आता माझ्याच बाजूला येते आहे. सर्जननी फोनवर सांगितलं, जेवण आता लागतंय म्हणून साखर चढणारच, इन्सुलिन थोडं वाढवा आणि रक्ताची एक तपासणी करा. शरीर स्वतःचं इन्सुलिन बनवतंय की नाही हे त्या तपासणीत दिसतं. सुईतून घेतलेलं त्यात मोजलं जात नाही. काही आलं, तर ते दाण्यांचंच. शून्य आलं, तर शून्य.

अकोल्यात रक्त दिलं. नमुना बाहेरगावी जाणार होता, तीन दिवस लागणार होते. संजय अमरावतीहून मोटारसायकलनं आला आणि माझ्यासमोर बसून आपली साखर तपासू लागला, म्हणजे मला एकटं वाटू नये. त्याचीही दोनशे वर होती. ते तीन दिवस मी कॅप्सूल घेतल्या, पण एका हातात कॅप्सूल धरून आणि दुसरा हात बरगडीखाली यकृतावर ठेवून. आत काही कळतं का म्हणून. काही कळत नव्हतं.

मी त्या दिवसांत एकच हिशेब मांडत होतो. त्या बाईनं सुटलेले दाणे मरू नयेत म्हणून उरलेल्यांचा नाद सोडला. नेमक्या वेळी हात आवरला. आणि मी माझ्या शहाणपणानं पाच आठवडे तेच दाणे उपाशी मारले. मिस्त्री तिला म्हणायचं की मला, याचा निकाल येणार होता.

चौथ्या दिवशी सकाळी रिपोर्ट पल्लवीच्या फोनवर आला. ती अमरावतीला कॉलेजात होती, तिनं आकडा वाचून दाखवला. एकच्या आतला काहीतरी आकडा होता. मी म्हटलं शून्यच की. ती म्हणाली, बाबा, शून्याच्या पुढे पण काही लिहिलं आहे. तिलाही नक्की कळेना, म्हणून तिनं तो सर्जनना पाठवला. फोन येईस्तोवर वंदनानं जेवण वाढलं. तिला काही सुचलं नाही की ती जेवण वाढते. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी. मी कॅप्सूल घेतली आणि खायला लागलो. चव लागत नव्हती.

अर्ध्या भाकरीवर फोन आला. सर्जन म्हणाले, आहेत. थोडे आहेत, पूर्ण काम त्यांना झेपणार नाही, इन्सुलिन कायमचं थोडं लागेल. पण आहेत आणि चालू आहेत. मी विचारलं, किती वर्षं टिकतील. ते सांगता येत नाही, म्हणाले. मग मी विचारलं, माझ्या वेडेपणात किती गेले असतील. तेही सांगता येत नाही, म्हणाले.

फोन ठेवला.  वंदनानं माझ्या ताटात उरलेली भाजी वाढली, सगळी. एरवी तिनं एवढं तेल माझ्या जवळ येऊ दिलं नसतं. मी खाल्ली. जेवण झालं, हात धुतले आणि परत येऊन पाटावर बसलो. दोन्ही हात पोटावर. घड्याळात पाहिलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बारा वर्षांत मी जेवून असाच बसत आलो होतो, ते दुखणं येईस्तोवर. पाऊण तास झाला. वंदना ओटा पुसून आली, माझ्याकडे पाहिलं आणि समोरचं ताट उचललं.

"उठा आता," ती म्हणाली. "नाई येत ते."